टेक्निकल राउंड निघतो, एचआरला अडकतो. तिथे नक्की तपासतात काय?

बी_शिफ्ट

नमस्कार. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनियर, क्वालिटीला आहे. गाव बार्शीजवळ, सध्या हडपसरला मोठ्या बहिणीकडे राहतो. पहिली नोकरी भोसरीत एका मशीनिंग व्हेंडरकडे, जानेवारी 2021 ते जून 2023. त्यानंतर वडिलांचा मोटारसायकलवर अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, म्हणून मध्ये सहा महिन्यांचा गॅप आहे. एप्रिल 2024 पासून हडपसरच्याच एका कंपनीत. लाइन इन्स्पेक्शन, पीपीएपीची फाइल (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायचे कागद), कस्टमर कम्प्लेंट आली की एट-डी (कारण आणि उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) भरणं, ऑडिटच्या आदल्या रात्री जागणं, सगळं करतो.

आता मोठ्या कंपनीत जायचंय. चार महिन्यांत चाकण आणि तळेगाव मिळून पाच मुलाखती झाल्या. तीन ठिकाणी टेक्निकल राउंड झक्कास गेला. एका प्लांट हेडनी तर विचारलं, "कधी येताय?" मग एचआरच्या केबिनमध्ये गेलो आणि दहा मिनिटांत बाहेर. "कळवतो." कोणीच कळवलं नाही.

विचारतात तरी काय? स्वतःबद्दल सांगा, कुठे राहता, आधीची कंपनी का सोडली, वडील आता कसे आहेत, अपेक्षा किती. यात नापास होण्यासारखं काय आहे? पगाराचं म्हणाल तर आत्ता हातात बत्तीस येतात, मी चाळीस सांगितले. एका मॅडमनी विचारलं, "चाळीस सीटीसी की इन-हँड?" मी म्हटलं, "काहीही चालेल मॅडम."

या लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा. खरं सांगा, गोड नको.

---

स्पष्टवक्ता

काही तपासत नाहीत. आतला माणूस आधीच ठरलेला असतो, तुम्हाला फाइल भरायला बोलावतात. चहा तरी पाजला का?

---

फेज_थ्री

आमच्या हिंजवडीत, आयटीत, एकच प्रश्न असतो, नोटीस पिरियड किती. नव्वद दिवस म्हटलं की समोरचा फोनच ठेवतो. "सर्व्हिंग नोटीस, लास्ट वर्किंग डे अमुक तारखेला" असं सांगितलं की त्याच दिवशी तीन कॉल. मग लोक हातात ऑफर नसताना राजीनामा टाकतात, चार ऑफर गोळा करतात आणि जॉइनिंगच्या दिवशी तिघांचा फोन उचलत नाहीत. म्हणून एचआर आता प्रत्येकाकडे संशयानेच बघतात. मॅन्युफॅक्चरिंगचं माहीत नाही.

---

भरतीवाली

मी या लाइनमधली. पुण्यातूनच एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंट) केलं, आधी एका लेबर काँट्रॅक्टरच्या ऑफिसात, मग चाकणला. चौदा वर्षं झाली. गोड नको म्हणालात म्हणून लिहिते.

आधी आमचा हिशोब बघा. मागच्या वेळी क्वालिटी इंजिनियरची एक जागा भरली. नोकरीच्या पोर्टलवरून दोनशेच्या वर रेझ्युमे आले. मी उघडले साठेक. फोन लावले तीस, उचलले अठरा जणांनी. येतो म्हणाले दहा, आले पाच. ऑफर दिली दोघांना. पहिल्याने सही करून, मेडिकल करून, जॉइनिंगच्या सकाळी मोबाइल बंद केला. त्या दिवशी लाइनवर माणूस का नाही याचं उत्तर प्लांट हेडला मी दिलं, त्या मुलाने नाही. त्यामुळे तुम्ही माझ्यासमोर बसता तेव्हा तुम्हाला कॅलिपर धरता येतो का, हे मी बघतच नाही, ते आतल्यांनी बघितलेलं असतं. मी दोनच गोष्टी बघते. हा येईल का, आणि आला तर दिवाळीनंतर असेल का.

आता हडपसर. हा पत्ता ऐकल्याबरोबर निम्म्या एचआरनी मनात फुली मारली असणार. कंपनीची बस निगडीहून, भोसरीहून, मोशीहून येते. हडपसरहून चाकणला पहिल्या शिफ्टला सात वाजता पोहोचायचं तर निघणार कधी? आणि चाकणच्या तळेगाव चौकातलं ट्रॅफिक ज्याने पाहिलंय त्याला संध्याकाळचं सांगायला नको. मी अशी सहा-सात माणसं घेतली. "मी मॅनेज करीन मॅडम" म्हणाली सगळी. चौथ्या महिन्यापर्यंत एक टिकला, तोही रूम बदलून. तुम्ही रूम बदलणार असाल तर प्रश्न यायच्या आधीच सांगा: "निवड झाली तर मोशीला शिफ्ट होतोय, मित्र तिथेच राहतो." मित्र खरंच असावा.

वडील कसे आहेत, हा प्रश्न तुम्हाला आपुलकीचा वाटला असेल. थोडा असतोही. पण उत्तरात तुम्ही काय सांगितलं? दर महिन्याला सोलापूरला चेकअपला न्यावं लागतं, मी एकटाच मुलगा, वगैरे? तसं सांगितलं असेल तर समोरच्या बाईने कागदावर "रजा" असं लिहिलं असणार. क्रूर वाटेल. माझे स्वतःचे वडील डायलिसिसवर होते, तरी मी तेच लिहिलंय. आता चालतात का, घरी कोण बघतं, एवढं दोन वाक्यांत सांगा आणि थांबा.

पगार. "काहीही चालेल" हे उत्तर सगळ्यात वाईट, त्यापेक्षा जास्त मागितले असते तरी चाललं असतं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. चाळीस सीटीसी म्हणजे वर्षाला 4 लाख 80 हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे बेसिकवरचे 4.81 टक्के आधीच वजा, मग तुमच्या वाट्याचा पीएफ, महिन्याला 200 प्रोफेशनल टॅक्स. पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवर म्हणजे 1,800 धरला तरी हातात पस्तीसच्या आसपास. उलट चाळीस हातात हवे असतील तर सीटीसी पाच लाख चाळीसच्या घरात जातं. साठ हजारांचा फरक आणि तुम्हाला काहीही चालतं? मॅडमना दोनच अर्थ लागतात. एकतर याला स्वतःची सॅलरी स्लिप वाचता येत नाही, नाहीतर हा आत्ता हो म्हणेल आणि ऑफर लेटर बघून पळेल.

"स्वतःबद्दल सांगा" याचं उत्तर आम्ही ऐकत नाही. खरंच नाही. त्या दोन मिनिटांत मी तुमचा रेझ्युमे पहिल्यांदा नीट वाचत असते. वीक पॉइंट विचारतो तेही सवयीने, "मी परफेक्शनिस्ट आहे" ऐकून ऐकून कान किटलेत. मी कान देते ते एका प्रश्नाला: शेवटची कस्टमर कम्प्लेंट कोणती आली आणि तुम्ही काय केलंत? मला तुमचं थ्रेड (आटे) आणि बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) कळत नाही. पण जो "आम्ही सॉर्टिंग केलं, आम्ही कारण शोधलं" म्हणत राहतो, त्याला मी विचारते की यातलं तुम्ही कोणतं केलं. ज्याने खरंच केलेलं असतं तो किती बॉक्स उघडले, रात्री किती वाजले, गोदामात लाइट नव्हती, हे सांगायला लागतो. थांबवावं लागतं त्याला.

माझ्याही चुका आहेत. करमाळ्याकडचा एक मुलगा होता. वर बघायचाच नाही, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागायचं. शीटवर "कम्युनिकेशन" या रकान्यात मी पाचपैकी दोन दिले आणि रिजेक्ट केलं. दीड वर्षाने आमच्याच एका व्हेंडरकडून तो आमच्या प्लांटला रिजेक्शनचं उत्तर द्यायला आला. कॉन्फरन्स रूममध्ये आमच्या चौघांना त्याने आमचंच गेज चुकतंय हे दाखवून दिलं. तेवढ्याच बारीक आवाजात. मी दाराच्या काचेतून पाहत होते. त्यानंतर त्या रकान्यात मी शॉप फ्लोअरच्या माणसांना सरसकट तीन देते, म्हणजे तो रकाना रद्दच.

आता तुमच्यासाठी खरा मुद्दा, आणि तो इथे चारचौघांत विचारते म्हणून राग मानू नका. जून 2023 ला सोडलं, एप्रिल 2024 ला लागलात. बोटं मोजा. जुलै ते मार्च, नऊ महिने होतात. तुम्ही सहा म्हणताय. उरलेले तीन महिने कुठे होतात? तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) किती कंपन्या दिसतात?

---

स्पष्टवक्ता

बापरे. मुलाखत इथेच सुरू झाली.

---

बी_शिफ्ट

मॅडम, सकाळी वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

तीन कंपन्या दिसतात. अपघातानंतर वडील काठी घेऊन चालायला लागले तेव्हा, जानेवारी 2024 मध्ये, मी एका प्रेस शॉपला (पत्र्याचे पार्ट दाबून काढतात तिथे) लागलो होतो. नाव लिहीत नाही. बारा तासांची शिफ्ट, रविवारीही बोलवायचे, आणि रिजेक्टेड माल ओके करून सही मार म्हणायचे. मार्चमध्ये एक दिवस गेलोच नाही. रिलिव्हिंग लेटर नाही, फुल अँड फायनल हिशोब नाही, पंधरा दिवसांचा पगारही सोडला. रेझ्युमेवर टाकलं तर प्रश्न येतील म्हणून मित्राने सांगितलं, काढून टाक, गॅपमध्ये जिरव.

चाकणच्या दोन्ही कंपन्यांनी मुलाखतीच्या आधी पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट मागवला होता. मी पाठवला. मला वाटलं, ते फक्त नंबर बघतात.

वडिलांच्या चेकअपचं मी खरंच पाच मिनिटं सांगितलं होतं.

---

भरतीवाली

सापडलं मग. स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक कंपनीची जॉइनिंगची आणि सोडल्याची तारीख दिसते. रेझ्युमे एका हातात, स्क्रीनशॉट दुसऱ्या हातात, माझं पहिलं काम तेच असतं. अर्धा मिनिट लागतो. तुम्ही केबिनमध्ये पाऊल टाकायच्या आधी त्यांना तीन महिने दिसलेले होते. "आधीची कंपनी का सोडली" हा प्रश्न त्यांनी तुम्हाला संधी म्हणून टाकला असणार. तुम्ही भोसरीचं सांगितलंत.

तीन महिन्यांत नोकरी सोडली म्हणून मी कोणाला काढत नाही. प्रेस शॉपची अवस्था आम्हाला माहीत नाही का? लपवलं म्हणून काढते, कारण उद्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर याच माणसाची सही असणार आहे. तुमची गंमत अशी की तुम्ही खोट्या सहीला नाही म्हणून नोकरी सोडलीत आणि तेच लपवलंत!

करायचं काय ते लिहिते. ती कंपनी रेझ्युमेवर एका ओळीत टाका, महिन्यांसकट. विचारलं तर सांगा: तीन महिने होतो, शिफ्ट बारा तासांची होती आणि रिजेक्टेड मालावर सही मागत होते, मी न सांगता सोडलं, ते चुकलं, रिलिव्हिंग लेटर नाही. इथे पूर्णविराम. कंपनीला शिव्या देऊ नका, नावही स्वतःहून घेऊ नका. चाकण-भोसरीचे एचआर एकमेकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात, कोण कोणाच्या ओळखीचा निघेल सांगता येत नाही.

दुसरं, त्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख भरली आहे का बघा. असे लोक बहुतेक भरत नाहीत. मग कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता, आणि पीएफ ट्रान्सफरही अडकतो. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला भरता येते, 2020 पासून सोय आहे. ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवर मॅनेजमध्ये मार्क एक्झिट. ज्या महिन्याचा शेवटचा पीएफ भरलाय त्याच महिन्यातली तारीख टाका. नीट बघून भरा, नंतर बदलायला फार त्रास होतो.

आणि स्पष्टवक्तेसाहेब, आतल्या माणसाची ओळख चालते, नाकारत नाही. आमच्याकडे रेफरल आणणाऱ्याला जॉइनिंगनंतर सहा महिन्यांनी बक्षीस मिळतं. सहा महिन्यांनी का, ते तुम्हीच ओळखा.

---

दुपारचा_डबा

विषय निघालाच आहे तर. मी अकाउंट्सला आहे, वय 28. गेल्या वर्षी तीन ठिकाणी विचारलं, "लग्नाचा काय विचार?" एकाने तर "सासरचे नोकरी करू देतील ना?" असंही विचारलं, जेव्हा सासर अस्तित्वातच नव्हतं. शेवटी मी उलट विचारलं, "तुमच्या मेडिक्लेममध्ये सासू-सासरे बसतात का, म्हणजे त्या दृष्टीने स्थळ बघते." ती नोकरी मिळाली नाही, पण झोप छान लागली.

भरतीवालीताई, तुम्ही विचारता का हे?

---

भरतीवाली

विचारायचे. 2017 मध्ये प्रसूतीची रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, त्या वर्षी आमच्या एका साहेबांनी तोंडी सांगितलं होतं की नवीन लग्न झालेल्या मुली "जरा बघून". कागदावर कधीच नसतं असलं काही. मी वर्षभर ते पाळलं. मग माझीच रजा लागली, आणि माझ्या जागी तात्पुरता माणूस शोधायचं कामही माझ्याच टेबलावर आलं. आता विचारत नाही. पॅनेलवरच्या दुसऱ्या कोणी विचारलं तर पुढचा प्रश्न मोठ्याने टाकते. यापेक्षा जास्त शूरपणा केलेला नाही.

---

जुना_पर्सोनेल

भरतीवालीबाईंचं वाचून राहवलं नाही. मी पिंपरीच्या पट्ट्यात एकतीस वर्षं पर्सोनेलमध्ये होतो. तेव्हा एचआर म्हणत नसत. 1959 च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवाव्या लागायच्या, तिथून नावांची यादी यायची. पोरं कार्ड घेऊन गेटवर उभी. फिटरची जागा असली की मी आधी हात बघायचो. मग एक तयार पीस आणि व्हर्निअर हातात द्यायचो, माप सांग म्हणायचो. 0.02 मिलिमीटर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप. तोंडाने सगळं येणारे तिथे गार व्हायचे. एकदा एकाने माप घ्यायच्या आधी व्हर्निअर बंद करून शून्य जुळतंय का बघितलं आणि म्हणाला, "साहेब, याला एरर आहे." मी मुद्दामच खराब व्हर्निअर ठेवला होता. तो मुलगा फोरमन होऊन रिटायर झाला.

आणखी एक करायचो, ते आज सांगायला लाज वाटते. उमेदवारांना बाहेर दीड तास ताटकळत ठेवायचो आणि वॉचमनला विचारायचो, कोण चिडलं. त्यातून फक्त कोणाला भूक लागली होती ते कळायचं.

दुपारचा डबा, भरती करताना बाई म्हणून डावलायचं नाही हे 1976 च्या समान वेतनाच्या कायद्यातच होतं. आमच्या ऑफिसात तो कायदा कपाटात होता आणि टायपिस्टच्या जागेला "अविवाहित प्राधान्य" अशी जाहिरात मीच टाइप करून घेतली होती.

बी शिफ्ट, शाब्बास, खरं बोललास. आता चेकअपला बहिणीला पाठव थोडे दिवस.

---

फेज_थ्री

व्हर्निअरवाला किस्सा आमच्या मॅनेजरला पाठवला. तो म्हणाला, आपण पण बग टाकलेला कोड देऊ. सोमवारपासून माझ्या डोक्याला ताप.

---

बी_शिफ्ट

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

रेझ्युमे बदलला. मोशीची रूम बघून आलो, तिघांत एक, महिना साडेतीन हजार. मित्र खरा आहे मॅडम.

काल तळेगावला एक मुलाखत झाली. एचआरचे सर होते. प्रेस शॉपचं त्यांनी विचारायच्या आधीच ओळ दाखवली आणि तुम्ही लिहिलं तेवढंच बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "सही कशावर मागत होते?" मग पंधरा मिनिटं त्यावरच गेली, बर, शिफ्टचा सुपरवायझर, सगळं. पगार पाच लाख चाळीस सीटीसी सांगितला. ते म्हणाले, आमचं पाच वीसच्या पुढे जात नाही. मी एक दिवस मागितला. शेवटी "कळवतो" म्हणाले, पण या वेळी कार्ड दिलं.

दुसरी मुलाखत गुरुवारी चाकणला आहे. अडचण एकच. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, प्रेस शॉपवाल्यांनी सोडल्याची तारीख भरलेलीच नाही. मार्क एक्झिट करायला गेलो तर ओटीपी आधारच्या नंबरवर जातो, आणि माझ्या आधारला वडिलांचा जुना नंबर आहे. ते सिम अपघातात मोबाइलबरोबरच गेलं. गुरुवारपर्यंत होईल का?

---

भरतीवाली

गुरुवारपर्यंत नाही व्हायचं. उद्या सकाळी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायला टाका, लवकर जा, टोकन संपतात. पावती मिळेल ती गुरुवारी फाइलमध्ये ठेवा आणि सर्व्हिस हिस्ट्री पाठवतानाच खाली लिहा की या कंपनीची तारीख भरायची राहिली आहे, आधारचा नंबर बदलायला दिलाय.

तळेगावला पाच तीसला हो म्हणा. वीस म्हणाले म्हणजे तीस असतात.